हीट पंपाच्या घरात एक खोली ऊबदार, दुसरी गार: दोष शोधण्याची आणि दूर करण्याची रीत

हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता खेचून घरात आणणारे विजेचे यंत्र, बसवल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात पुष्कळ घरांतून एकच तक्रार ऐकू येते. बैठकीच्या खोलीत स्वेटरही नकोसा होतो आणि टोकाच्या खोलीत मात्र दोन पांघरुणे पुरत नाहीत. यंत्र कमी ताकदीचे निघाले, असा निष्कर्ष मग लगेच काढला जातो आणि तो बहुधा चुकीचा असतो. यंत्राची ताकद खरोखरच अपुरी पडत असेल, तर घरातल्या सगळ्याच खोल्या थोड्याफार सारख्या प्रमाणात गार राहतात. एखाददुसरीच खोली मागे पडत असेल, तर दोष त्या खोलीपर्यंत जाणाऱ्या किंवा तिथून यंत्राकडे परतणाऱ्या हवेच्या वाटेत असण्याचा संभव कितीतरी अधिक असतो. हा भेद सुरुवातीलाच लक्षात घेतला, तर पुढचा बराच खर्च आणि मनस्ताप वाचतो. हा लेख मुख्यतः एका मध्यवर्ती यंत्रातून डक्टद्वारे, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या नळांद्वारे, सर्व खोल्यांना हवा पोचवणाऱ्या घरांसाठी आहे. भिंतीवरच्या सुट्या यंत्रांचा आणि गरम पाण्याच्या रेडिएटरवर चालणाऱ्या हीट पंपाचा विचार शेवटी थोडक्यात केला आहे.

कोमट हवेचे गणित

इंधन जाळणाऱ्या फर्नेसमधून बाहेर पडणारी हवा साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअस तापमानाची असते, तर हीट पंपाची हवा बहुधा ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान असते. माणसाच्या त्वचेचे तापमान ३३ अंशांच्या आसपास असल्यामुळे खोलीत हवा सोडणाऱ्या डक्टच्या तोंडावरच्या जाळीपुढे हात धरला, तर ही हवा जेमतेम कोमट लागते आणि वेगाने येत असेल तर चक्क गारही वाटते. म्हणून हाताच्या अंदाजावर विसंबून ‘यंत्र गार हवा फेकते आहे’ असे म्हणू नये. त्यासाठी थर्मामीटरच वापरावा.

हवेतून खोलीला मिळणारी उष्णता काढण्याचे सूत्र सोपे आहे. दर तासाला येणारी हवा घनमीटरमध्ये घ्यावी, तिला येणारी हवा आणि खोली यांच्या तापमानांतील फरकाने गुणावे आणि आलेल्या संख्येला पुन्हा ०.३३ ने गुणावे, म्हणजे उत्तर वॅटमध्ये मिळते. समजा, एका शयनगृहाला थंडीच्या रात्री ९०० वॅट उष्णता लागते आणि खोली २० अंशांवर ठेवायची आहे. येणारी हवा ५५ अंशांची असेल तर तासाला सुमारे ७८ घनमीटर हवा पुरते, पण तीच हवा ३५ अंशांची असेल तर सुमारे १८२ घनमीटर लागते. म्हणजे दुपटीहून अधिक हवा त्याच डक्टमधून जावी लागते. फर्नेसच्या काळात एखादा डक्ट अरुंद, चेपलेला किंवा गळका असला तरी त्यातून पोचलेली थोडी हवा इतकी गरम असे की त्याची उणीव कोणाला जाणवत नसे. जुन्या डक्टांना नवा हीट पंप जोडला, की झाकलेले हे सगळे दोष एकदम उघडे पडतात. पुढच्या प्रत्येक पायरीमागे हेच कारण आहे.

हात लावण्याआधी मोजमाप

दुरुस्तीला निघालेल्या माणसाला मोजत बसणे कंटाळवाणे वाटते, हे मान्य आहे. परंतु मोजमाप न करता केलेल्या बदलाने फरक पडला की त्या दिवशी ऊन चांगले होते, हे कधीच कळत नाही. एकाच प्रकारचे चार-पाच स्वस्त डिजिटल थर्मामीटर घ्यावेत आणि पहिली रात्रभर ते सगळे एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवावेत. सकाळी त्यांच्या आकड्यांत अर्ध्या-एका अंशाचा फरक दिसला, तर तो प्रत्येकावर चिठ्ठी लावून लिहून ठेवावा. त्यानंतर एकेक थर्मामीटर प्रत्येक खोलीत जमिनीपासून सुमारे एक मीटर उंचीवर, बाहेरच्या भिंतीपासून, जाळीपासून आणि उन्हापासून दूर ठेवावा आणि तीन दिवस सूर्योदयापूर्वीचे आकडे टिपावेत. त्या वेळी उन्हाचा हातभार नसतो, स्वयंपाकघर थंड असते आणि घराचे खरे रूप दिसते. दोन खोल्यांमध्ये एक-दीड अंशाचा फरक राहणे स्वाभाविक आहे. तीन अंशांचा फरक मात्र सोडून देण्याजोगा नाही. खोल्यांची दारे रात्री उघडी होती की बंद, हेही प्रत्येक नोंदीपुढे लिहावे, कारण पुढे त्याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.

बिनखर्चाच्या गोष्टी आधी

सर्वप्रथम फिल्टर पाहावा. तो काढून उजेडासमोर धरल्यावर पलीकडचा प्रकाश दिसत नसेल, तर तो बदलावा किंवा धुण्याजोगा असल्यास धुवावा. महिन्यातून एकदा पाहणे आणि एक ते तीन महिन्यांत बदलणे हा बहुतेक घरांना लागू पडणारा नियम आहे. कडेवरच्या बाणाचे टोक यंत्राच्या दिशेला हवे. एक चूक मात्र चांगल्या हेतूने होते: अधिक शुद्ध हवेच्या आशेने लोक पातळ खाचेत अतिशय घट्ट विणीचा फिल्टर बसवतात आणि तो नवा असतानाच हवा अडवू लागतो. सूक्ष्म धूळ गाळायची असेल, तर फिल्टरचे क्षेत्रफळ किंवा जाडी वाढवावी लागते, आणि त्यासाठी त्याची पेटी बदलावी लागते.

दुसरी पायरी म्हणजे सर्व खोल्यांच्या जाळ्या पूर्ण उघडणे आणि त्यांच्यापुढचे पलंग, पडदे, गालिचे बाजूला करणे. ‘न वापरलेल्या खोलीची जाळी बंद केली की हवा दुसरीकडे जाईल’ हा समज फार पसरलेला आहे. एखादी जाळी थोडी ओढून घेतल्याने काही बिघडत नाही, पण अनेक जाळ्या बंद केल्या की डक्टमधला दाब वाढतो, फटींतून गळणारी हवा वाढते आणि यंत्राच्या कॉइलवरून, म्हणजे हवा तापवणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यावरून, जाणारी एकूण हवा कमी होते. हीट पंपाला हे विशेष बाधते, कारण कॉइलमधली उष्णता वाहून नेणारी हवा कमी पडली की आत फिरून उष्णता वाहणाऱ्या शीतक वायूचा दाब चढतो, तो वायू दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला अधिक वीज खावी लागते आणि कडाक्याच्या वापरात यंत्र सुरक्षेसाठी स्वतःहून बंदही पडू शकते.

बाहेरच्या यंत्राभोवतीचा पालापाचोळा आणि साचलेला बर्फ दूर करून सर्व बाजूंनी हात-दीड हात मोकळी जागा ठेवावी. थंडीत त्याच्या पात्यांवर पातळ हिम साचणे नेहमीचे आहे. ते वितळवण्यासाठी यंत्र अधूनमधून काही मिनिटे उलट दिशेने, म्हणजे एअर कंडिशनरसारखे चालते. त्या वेळी बाहेर वाफ दिसते आणि आत गार झुळूक येऊ शकते. हा बिघाड नव्हे. संपूर्ण यंत्र बर्फाच्या ठोकळ्यासारखे गोठून तासन्‌तास तसेच राहिले, तर मात्र तंत्रज्ञाला बोलवावे.

थर्मोस्टॅटच्या, म्हणजे खोलीचे तापमान पाहून यंत्र चालू-बंद करणाऱ्या नियंत्रकाच्या, बाबतीत दोन गोष्टी तपासाव्यात. तो उन्हाच्या झोतात, जाळीच्या समोर किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीवर असेल, तर त्याच्यापुरती ऊब झाली की तो यंत्र बंद करतो आणि लांबच्या खोल्या तशाच राहतात. त्याच्या मागे भिंतीत तारेसाठी पाडलेल्या छिद्रातून गार हवा येत असेल, तर उलटा घोळ होतो. ते छिद्र थोड्याशा पुट्टीने बुजवावे. शिवाय रात्री तापमान पाच-सहा अंशांनी उतरवून सकाळी एकदम चढवण्याची फर्नेसच्या काळातली सवय सोडावी. तशा वेळी अनेक यंत्रांत मदतीची विजेची हीटर पट्टी सुरू होते आणि एका युनिट विजेत केवळ एक युनिटच उष्णता देते, तर हीट पंप सौम्य हवामानात तेवढ्याच विजेत तीन युनिट किंवा त्याहूनही अधिक उष्णता आणून देतो. स्थिर तापमानावर यंत्र संथपणे आणि दीर्घकाळ चालत राहिले, की हवा अधिक वेळ खेळती राहते आणि खोल्यांतला फरक आपोआप कमी होतो.

जाळीपाशी होणारा निवाडा

एवढे करूनही एखादी खोली मागेच राहत असेल, तर खरी तपासणी जाळीपाशी करावी. यंत्र वीस मिनिटे सलग चालू द्यावे. मग यंत्रालगतच्या मुख्य डक्टमधले हवेचे तापमान घ्यावे आणि त्यानंतर एकेका खोलीच्या जाळीत थर्मामीटरचे टोक धरून तिथले तापमान घ्यावे. हवेचे प्रमाण मोजण्यासाठी महागडे उपकरण नसले तरी चालते. ज्ञात आकाराची कचऱ्याची मोठी प्लास्टिक पिशवी तारेच्या चौकटीला बांधावी, आतली हवा काढून ती जाळीवर घट्ट टेकवावी आणि पूर्ण फुगायला किती सेकंद लागतात ते मोजावे. १०० लिटरची पिशवी ४ सेकंदांत फुगली, तर सेकंदाला २५ लिटर, म्हणजे तासाला ९० घनमीटर हवा येते आहे. हा आकडा काटेकोर नसतो, पण एका खोलीत पिशवी ३ सेकंदांत आणि दुसऱ्या तशाच खोलीत ११ सेकंदांत फुगत असेल, तर सांगायचे ते त्यातून स्पष्ट होते.

आता तीन शक्यता उरतात आणि प्रत्येकीचा उपाय निराळा आहे. जाळीपाशी हवा भरपूर येते, परंतु तिचे तापमान यंत्राजवळच्या तापमानापेक्षा चार-पाच अंशांनी किंवा त्याहून अधिक उतरलेले असते, ही पहिली शक्यता. याचा अर्थ वाटेत डक्ट थंड माळ्यातून किंवा तळघरातून उघडावाघडा जातो आहे, किंवा परतीच्या बाजूने बाहेरची गार हवा ओढली जाते आहे. हवेचे तापमान ठीक असते पण प्रमाण तुटपुंजे असते, ही दुसरी. तेव्हा वाटेत अडथळा, गळती किंवा बंद डॅम्पर (डक्टमधली हवा कमी-जास्त करणारी झडप) आहे, नाहीतर खोलीतून हवा परतायला जागाच नाही. तापमानही चांगले आणि हवाही पुरेशी, तरीही खोली गार, ही तिसरी. तेव्हा डक्टचा काही अपराध नसतो, खोलीच उष्णता गमावत असते. सूत्रात आपले आकडे घालून खोलीला किती वॅट मिळतात ते पाहिले, की हा निवाडा अधिक पक्का होतो.

हवेची परतीची वाट

नवख्या माणसाच्या ध्यानात सर्वांत शेवटी येणारी आणि माझ्या मते सर्वांत आधी तपासण्याजोगी बाब म्हणजे परतीची हवा. खोलीत जितकी हवा जाते तितकीच बाहेर पडली पाहिजे. बाटलीच्या तोंडाला ओठ घट्ट लावून आत फुंकर मारून पाहिली तर हे लगेच पटते. पुष्कळ घरांत परतीची मोठी जाळी फक्त मधल्या मार्गिकेत असते. शयनगृहाचे दार लावले की आत आलेली हवा कोंडते, खोलीत दाब वाढतो आणि जाळीतून येणारा प्रवाह मंदावतो. तिकडे मार्गिकेत हवेचा तुटवडा होऊन बाहेरची गार हवा खिडक्या-दारांच्या फटींतून घरात ओढली जाते. एकाच बंद दारामुळे दोन्हीकडे नुकसान होते.

याची परीक्षा सोपी आहे. यंत्र चालू असताना दार जवळजवळ लावून दोन बोटांची फट ठेवावी आणि फटीशी पातळ कागदाची पट्टी धरावी. ती जोराने मार्गिकेकडे झुकत असेल, तर परतीची वाट अपुरी आहे. सुरुवातीच्या नोंदींत दार उघडे असलेल्या रात्री खोलीचे तापमान वर गेलेले दिसले, तर शंकेला जागाच राहत नाही. तंत्रज्ञाकडे मॅनोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारे उपकरण, असल्यास त्याने बंद दाराच्या दोन बाजूंतला दाबाचा फरक मोजावा. तो साधारण ३ पास्कलच्या आत असावा, असे मानले जाते.

उपायांपैकी दाराची खालची कड कापून २० ते २५ मिलिमीटर फट करणे सर्वांत स्वस्त आहे, पण मोठ्या खोलीला तेवढ्याने पुरत नाही आणि जाड गालिचा असला तर ती फट नावालाच उरते. त्याहून चांगला उपाय म्हणजे भिंतीत आरपार जाळी बसवणे, एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली, म्हणजे आवाज व उजेड थेट पलीकडे जात नाही. छतावरून खोली आणि मार्गिका यांना जोडणारा छोटा डक्टही टाकता येतो. त्या खोलीसाठी स्वतंत्र परतीचा डक्ट टाकणे सर्वांत उत्तम, परंतु चालू घरात ते नेहमी शक्य होत नाही.

इथे एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. घरात चिमणीद्वारे धूर सोडणारे गॅसचे किंवा लाकडाचे उपकरण असेल, तर परतीच्या हवेच्या तुटवड्यामुळे तो धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो. अशा घरात कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र असल्याखेरीज डक्टमध्ये फेरफार करू नयेत.

डक्टची पाहणी

यंत्राचा वीजपुरवठा मुख्य स्विचवरून बंद करून माळ्यात किंवा तळघरात जावे. जुन्या डक्टांवर पांढरट, तंतुमय गुंडाळी दिसली तर तिला हात लावू नये. ती ॲस्बेस्टॉसची असू शकते आणि ती तपासणे हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे. तशी गुंडाळी नसेल, तर आधी सुटलेले सांधे शोधावेत. संपूर्ण निसटलेला डक्ट माळ्यालाच ऊब देत पडलेला सापडणे, हे वाटते तितके दुर्मीळ नाही. बारीक गळतीसाठी वीजपुरवठा पुन्हा सुरू करून पंखा चालू करवून सांध्यांजवळ उदबत्ती फिरवावी. पुरवठ्याच्या डक्टवर धूर दूर फेकला जाईल आणि परतीच्या डक्टवर आत ओढला जाईल.

सांधे बुजवण्यासाठी ब्रशने लावायचे मॅस्टिक, म्हणजे फटी बुजवणारा घट्ट लेप, सर्वांत टिकाऊ असते. फट मोठी असल्यास त्याखाली फायबरची जाळी घालावी. डक्टसाठी बनवलेली धातूच्या पापुद्र्याची टेपही चालते. डक्ट टेप या नावाने विकली जाणारी कापडी टेप मात्र डक्टवर वापरू नये. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८ साली निरनिराळी सीलबंदीची साधने उष्णतेखाली तपासली, तेव्हा नेमकी हीच टेप सुटून पडली, हा नावाचा मोठाच विनोद म्हणायचा.

लवचीक डक्टची गोष्ट वेगळी आहे. त्यात गळतीपेक्षा अडथळा जास्त आढळतो. बसवणाऱ्याने उरलेली लांबी न कापता तशीच कोंबलेली असते, वळणावर डक्ट मोडलेला असतो, किंवा आधाराच्या पट्टीने त्याची कंबर आवळलेली असते. आतली तार आणि सुरकुत्या दाबल्या गेल्या की हवेला होणारा विरोध अनेक पटींनी वाढतो. म्हणून डक्ट पूर्ण ताणावा, जादा लांबी कापून टाकावी, वळण मोठ्या गोलाईचे ठेवावे आणि दर सव्वा ते दीड मीटरवर रुंद पट्टीचा आधार द्यावा. माझ्या मते लवचीक डक्टच्या घरात हे एक काम बाकीच्या सर्व दुरुस्त्यांना मागे टाकते. गळती बुजवल्यानंतरच डक्टवर इन्सुलेशन (उष्णता रोखणारे आवरण) चढवावे, कारण आधी गुंडाळले तर गळती खाली झाकली जाते आणि पुन्हा हाती लागत नाही.

डॅम्परने समतोल

वाटा मोकळ्या झाल्यावर मगच डॅम्परकडे वळावे. मुख्य डक्टमधून फाटा फुटतो तिथे बाहेर एक छोटा दांडा दिसतो. तो डक्टला समांतर असला की झडप उघडी आणि आडवा असला की बंद असते. सुरुवातीची स्थिती पेनने खूण करून ठेवावी. गार खोलीचा डॅम्पर पूर्ण उघडावा आणि सर्वांत ऊबदार खोलीचा थोडासा, दांड्याच्या फिरण्याचा जेमतेम सहावा भाग, आवळावा. मग एक पूर्ण दिवस थांबून थर्मामीटर पाहावेत आणि त्यानंतरच पुढचा बदल करावा. एका दिवसात चार डॅम्पर फिरवणाऱ्याला कोणत्या बदलाने काय झाले हे कळत नाही. एकूण हवा फार कमी होऊ नये म्हणून कोणताही डॅम्पर निम्म्याहून अधिक बंद करू नये. उन्हाळ्यात तेच यंत्र घर गार करते तेव्हा वरच्या मजल्याला अधिक हवा लागते, त्यामुळे हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची अशा दोन खुणा करून ठेवणे सोयीचे पडते.

दोष खोलीचा असेल तेव्हा

तीन बाहेरच्या भिंती, खाली गॅरेज किंवा मोठ्या जुन्या खिडक्या असलेल्या खोलीला पुरेशी हवा मिळूनही ती मागे राहते. अशा वेळी खिडक्यांच्या फटी, माळ्याचे झाकण, विजेच्या पेट्यांमागची छिद्रे बुजवणे आणि माळ्यावरचे इन्सुलेशन वाढवणे हाच उपाय होय. घरातली ऊबदार हवा वर चढून माळ्याच्या फटींतून निसटते आणि तिच्या जागी खालच्या मजल्यावर गार हवा शिरते. म्हणून खालची खोली गार असतानाही पहिली फट छताकडची बुजवावी लागते. जाळी छतात असलेल्या खोलीत ऊबदार हवा वरच रेंगाळते. तिथे जाळीची पाती खाली आणि बाहेरच्या भिंतीकडे वळवावीत आणि छताचा पंखा असल्यास तो अगदी मंद गतीने चालवावा. डक्टच्या तोंडाशी बसवायचे छोटे पंखे मी सहसा सुचवत नाही, कारण ते आवाज करतात आणि मूळ अडथळा जागच्या जागी ठेवतात.

भिंतीवरच्या यंत्रांत पाती खालच्या दिशेने वळवलेली, पंखा स्वयंचलित गतीवर आणि जाळीदार फिल्टर दर दोन-तीन आठवड्यांनी धुतलेला असावा. त्यांचा तापमान मोजणारा घटक छताजवळच्या यंत्रात असतो, त्यामुळे खाली गार वाटत असेल, तर हव्या त्या तापमानापेक्षा एक-दोन अंश अधिक लावावे. असे एक यंत्र बंद दारांपलीकडच्या खोल्या तापवू शकत नाही. रेडिएटरच्या घरात हवा डांबलेली असल्यास ती सोडावी आणि लवकर तापणाऱ्या रेडिएटरांच्या खालच्या झडपा थोड्या थोड्या आवळून पाणी लांबच्या रेडिएटरांकडे वळवावे. मात्र बहुतेक रेडिएटर उघडेच ठेवावेत, कारण हीट पंपाला पाण्याचा सततचा प्रवाह लागतो.

तंत्रज्ञाला बोलावताना

शीतक वायू, ब्लोअरची (आतल्या पंख्याची) गती आणि आतल्या कॉइलची सफाई ही कामे स्वतः करू नयेत. तंत्रज्ञाला ‘खोली गार आहे’ एवढेच न सांगता आपली वही दाखवावी आणि दोन मोजमापे मागावीत. पहिले म्हणजे डक्टमधला एकूण स्थिर दाब, म्हणजे हवा ढकलताना पंख्याला सोसावा लागणारा विरोध: पुष्कळ घरगुती यंत्रे १२५ पास्कलच्या आसपास चालण्यासाठी बनवलेली असतात आणि मोजलेला आकडा यंत्रावरील पट्टीत दिलेल्या मर्यादेच्या वर असेल, तर डक्ट किंवा फिल्टर अरुंद आहे, असे समजावे. दुसरे म्हणजे एकूण हवा: यंत्राच्या दर टन (सुमारे ३.५ किलोवॅट) क्षमतेला तासाला सुमारे ६८० घनमीटर ही प्रचलित अपेक्षा आहे. हे दोन आकडे न घेताच कोणी मोठे यंत्र बसवण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्या तंत्रज्ञाचे मत घ्यावे. खोलीनिहाय उष्णतेची गरज काढून त्यावरून डक्टचा आकार ठरवून देणारा तंत्रज्ञ मिळाला, तर त्याच्या हिशेबाची एक प्रत आपल्या वहीत जोडून ठेवावी.